वाचकांचे प्रश्न : पाटी नको, पत्ता बघा

गेल्या अंकात मोटारशर्यतींच्या जमाखर्चावर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : बाजार बसला की या चॅम्पियनशिपचं काय होतं? मी पेशाने कॉस्ट अकाउंटंट. शर्यत बघताना माझं निम्मं लक्ष ट्रॅकवर असतं आणि निम्मं खतावणीवर, त्यामुळे उत्तरंही त्याच नजरेतून आली आहेत.

प्रश्न : होंडा, बीएमडब्ल्यू, टोयोटा या गडगंज कंपन्या २००८-०९च्या मंदीत फॉर्म्युला वनमधून बाहेर पडल्या. विल्यम्ससारखी खासगी टीम मात्र टिकली. ज्यांच्याकडे पैसा जास्त, तेच आधी कसे निघाले? — एक निवृत्त बँक अधिकारी

उत्तर : कारण मोटार कंपनीचं पोट शर्यतीवर चालत नाही. तिच्या हिशोबात शर्यत म्हणजे थोडी जाहिरात आणि थोडं संशोधन. गाड्यांचा खप घसरला, कारखान्यातल्या पाळ्या बंद करायची वेळ आली की संचालक मंडळाच्या टेबलावर एकच प्रश्न येतो : कामगारांना घरी बसवायचं आणि इकडे शर्यतीवर पैसा ओतत राहायचं, हे लोकांना कोणत्या तोंडाने सांगणार? त्याला कुणाकडेच उत्तर नसतं.

होंडाने ५ डिसेंबर २००८ला माघार जाहीर केली. त्याच महिन्यात सुझुकी आणि सुबारू यांनी एका दिवसाच्या अंतराने वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपमधून अंग काढून घेतलं. जानेवारीत कावासाकीने मोटोजीपी या मोटारसायकलींच्या चॅम्पियनशिपमधला आपला कारखान्याचा संघ बंद केला. जुलैमध्ये बीएमडब्ल्यू आणि नोव्हेंबरात टोयोटा. टोयोटा आठ हंगाम फॉर्म्युला वनमध्ये होती आणि एकही शर्यत जिंकली नव्हती, म्हणून गेली, असं तुम्ही म्हणाल. पण जिंकणारेही जातात. सुझुकीने २०२०मध्ये जोन मीरच्या रूपाने मोटोजीपीचं विजेतेपद मिळवलं आणि २०२२च्या अखेरीस, करार २०२६पर्यंतचा असूनही, गाशा गुंडाळला. कारण दिलं आर्थिक परिस्थितीचं. प्यूजोने जानेवारी २०१२मध्ये ल मानच्या २४ तासांच्या शर्यतीचा कार्यक्रम थांबवला, तेव्हा त्यांची माणसं नव्या हंगामाच्या चाचण्यांच्या तयारीत होती.

विल्यम्सचं तसं नव्हतं. शर्यत हाच त्यांचा धंदा. तो बंद करून दुसरं करायचं काय? अशी टीम कर्ज काढते, ड्रायव्हर असा निवडते की त्याच्याबरोबर प्रायोजकही येईल, नवे पार्ट उशिरा बनवते, पण ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, गाडी उभी करते. २०२०मध्ये विल्यम्स कुटुंबालाही शेवटी टीम डॉरिल्टन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकावी लागली. पण टीम आजही विल्यम्स याच नावाने धावते.

आता तुम्ही बँकेतले आहात म्हणून एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. एखादी टीम 'बंद झाली' अशी बातमी आली की मी गाडीवरची पाटी सोडून तिच्या कारखान्याचा पत्ता बघते. होंडाचा पत्ता होता इंग्लंडमधलं ब्रॅकली. तिथे सातशेच्या आसपास माणसं कामाला होती. २००९च्या नियमांसाठीची गाडी बरीचशी तयार होती, कारण २००८चा हंगाम हातचा गेल्यावर सगळं बळ पुढच्या गाडीवरच लावलेलं होतं. टीम साफ बंद करायची तर नुकसानभरपाई, मोडलेले करार, देणी या सगळ्यांचा डोंगर होंडाच्याच डोक्यावर येणार होता. म्हणून टीमचा प्रमुख रॉस ब्रॉन आणि व्यवस्थापनातल्या त्याच्या सहकाऱ्यांना टीम एका पौंडाला देऊन टाकणं, वर निर्वाहासाठी पैसेही देणं, हा होंडाच्या दृष्टीनेही शहाणपणाचा व्यवहार होता. दान म्हणून कुणी हे करत नाही. असे एका पौंडाचे सौदे ताळेबंदात बघायची मला सवय आहे.

होंडाचं इंजिन गेलं, मर्सिडीजचं आलं आणि ते बसवायला गाडीची मागची बाजू बदलावी लागली. ६ मार्च २००९ला ही गाडी सिल्व्हरस्टोनवर पहिल्यांदा धावली. पांढरा रंग, त्यावर पिवळसर हिरवे पट्टे, आणि प्रायोजकांच्या नावांची जागा जवळजवळ रिकामी. २९ मार्चला ऑस्ट्रेलियात जेन्सन बटन पहिला आणि रुबेन्स बॅरिकेलो दुसरा आला. पुढे बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या आणि ड्रायव्हरचं व टीमचं अशी दोन्ही विजेतेपदं ब्रॉन जीपीकडे, म्हणजे याच टीमच्या नव्या नावाकडे, गेली. पण त्याच वसंतात ब्रॅकलीतल्या शेकडो लोकांना नोकरी सोडावी लागली, हेही याच कथेतलं पान आहे. ते गाळून ती सांगितलेली मला आवडत नाही. वर्षअखेरीस मर्सिडीजने टीम विकत घेतली आणि २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षं कन्स्ट्रक्टर्सचं, म्हणजे टीमचं, विजेतेपद याच पत्त्यावर आलं.

टोयोटाचा पत्ता जर्मनीतलं कोलोन. फॉर्म्युला वन सुटलं तरी ती कार्यशाळा मोडली नाही. २०१८पासून सलग पाच वर्षं ल मान जिंकणाऱ्या टोयोटा गाड्या तिथूनच निघाल्या. बीएमडब्ल्यूचा पत्ता स्वित्झर्लंडमधलं हिनविल, तिथे मूळ मालक पेटर झाउबर यांनीच टीम परत घेतली. मंदीत चॅम्पियनशिपने काय जपावं असं मला कुणी विचारलं, तर माझं उत्तर हेच असेल : या जागा. गाडीवर वारा सोडून तपासायचा विंड टनेल, कार्बन फायबरचे भाग भाजायची ऑटोक्लेव्ह भट्टी, आणि तिथे वर्षानुवर्षं घडलेले हात. कंपन्यांची मनधरणी करण्यात जो वेळ जातो, त्यातला निम्मा जरी इकडे वळवला तरी पुष्कळ.

प्रश्न : ताई, मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खर्चच कमी करायचा तर शर्यती कमी करणं सगळ्यात सोपं ना? मग इंजिन आणि टेस्टिंगच्याच मागे का लागतात? — एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, शर्यत ही जमेची बाजू आहे. यजमान सर्किटकडून मिळणारं शुल्क, प्रक्षेपणाचे पैसे, प्रायोजकांची वचनं, सगळं शर्यतींच्या संख्येवर अवलंबून. २०२०मध्ये महामारीमुळे ठरलेल्या २२ऐवजी १७ शर्यती झाल्या, त्याही बहुतेक रिकाम्या स्टँडसमोर. फॉर्म्युला वनचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या २०२ कोटी डॉलरवरून साधारण ११४ कोटींवर आलं आणि टीम्सना वाटायचा पैसा १०१ कोटींवरून ७१ कोटींवर. पगार मात्र बारा महिन्यांचेच द्यायचे होते.

खर्च होतो तो शर्यतीच्या आधी, गाडी घडवताना. विंड टनेल, संगणकावरची गणितं, आज बनवून उद्या फेकून द्यायचे पार्ट आणि हे सगळं करणाऱ्या शेकडो माणसांचे पगार. २००८पर्यंत मोठ्या टीम्सकडे केवळ चाचण्यांसाठी वेगळं पथक असे. वेगळे मेकॅनिक, वेगळे ट्रक, वेगळे ड्रायव्हर. शर्यत संपली की हे लोक दुसऱ्या सर्किटवर हजारो किलोमीटर गाडी पिदडत. २००९पासून हंगामाच्या मधल्या चाचण्या बंद केल्या, प्रत्येक ड्रायव्हरला वर्षाला ८च इंजिनं दिली आणि इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला १९,०००वरून १८,०००वर आणली. तू यंत्र शिकतेस, तेव्हा शेवटचा आकडा नीट बघ. वरचे १,००० फेरे काढले की झडपा, पिस्टन, बेअरिंग यांच्यावरचा ताण उतरतो आणि इंजिन जास्त किलोमीटर टिकतं. वर्षाला आठात भागवायचं तर तो ताण उतरवायलाच हवा होता. दोन्ही नियम एकमेकांच्या आधाराने उभे होते.

मोटारसायकलवाल्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. २०१०मध्ये २५० सीसीचा वर्ग बंद करून मोटो२ आणला आणि सगळ्यांना होंडाचं एकच ६०० सीसीचं इंजिन दिलं. चासी, म्हणजे सांगाडा, ज्याची त्याची. त्या वर्षी सुरुवातीच्या शर्यतींना ४० स्वार होते आणि वरच्या मोटोजीपीत मात्र जेमतेम १७. ताकद समान मिळाली की छोट्या कारखान्याची हुशारी दिसते, हे मी तिथे पाहिलं.

सगळ्यात मोठा छुपा खर्च म्हणजे नवे नियम. नियम बदलले की सगळ्यांची जुनी गाडी एका रात्रीत भंगार. म्हणून २०२०मध्ये जो निर्णय झाला तो मला फार आवडला : २०२१साठी ठरलेली नवी गाडी एक वर्ष पुढे ढकलली आणि आहे तीच चासी दोन हंगाम वापरायला लावली. फुकटात झालेली बचत.

एक लक्षात ठेव. चाचण्या बंद झाल्या तेव्हा 'खर्चात कपात' असं छापून आलं, पण त्या चाचणीपथकातल्या माणसांना ती नोकरकपात होती. या क्षेत्रात यायचा विचार असेल तर एकाच कामात अडकू नकोस. कॉम्पोझिट, सिम्युलेशन, डेटा यांपैकी दोन तरी येऊ देत.

प्रश्न : बजेट कॅपचा, म्हणजे टीमच्या वर्षाच्या खर्चावरच्या मर्यादेचा, एवढा गाजावाजा झाला आणि रेड बुलने पहिल्याच वर्षी तो ओलांडला. दंड भरला, विषय संपला. असल्या मर्यादेला अर्थ काय? — एक वाचक

उत्तर : तुमचा राग समजतो, पण अर्थ आहे.

आधी हा कॅप आला कुठून ते सांगायला हवं. २००९मध्ये मोटारशर्यतींचे नियम ठरवणाऱ्या एफआयए या जागतिक संस्थेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी पुढच्या वर्षासाठी ४ कोटी पौंडांची मर्यादा सुचवली. मोठ्या टीम्स भडकल्या, वेगळी चॅम्पियनशिप काढण्याची धमकी दिली आणि मर्यादा बारगळली. पण ती मर्यादा गृहीत धरून नव्या टीम्सना बोलावणं आधीच गेलं होतं. लोटस, व्हर्जिन आणि एचआरटी अशा तीन टीम्स २०१०मध्ये आल्या आणि ज्यांचं बजेट कितीतरी पट होतं अशांशी झुंजू लागल्या. एचआरटी २०१२अखेर संपली. लोटसची पुढे कॅटरहॅम झाली, ती २०१४मध्ये बुडाली. व्हर्जिनची मारुसिया आणि मग मॅनर झाली, ती २०१७च्या सुरुवातीला गेली. तीनही टीम्स पुसल्या गेल्या. अंथरूण दाखवून बोलावलं आणि आल्यावर काढून घेतलं. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

पुढच्या खेपेला मात्र शहाणपण सुचलं. २०२१साठी साडेसतरा कोटी डॉलरची मर्यादा ठरली होती. महामारी आल्यावर ती साडेचौदा कोटींवर आणली, २०२२ला १४ आणि २०२३ला साडेतेरा. ड्रायव्हरचे पगार, सगळ्यात महागड्या तिघांचे पगार आणि जाहिरातीचा खर्च यातून वगळलेला आहे, म्हणजे फट आहेच. पण गाडी घडवण्याच्या मुख्य खर्चाला वेसण बसली. एरवी ज्या टीम्स याला कधीच तयार झाल्या नसत्या, त्यांनी २०२०च्या वसंतात सह्या केल्या, कारण तेव्हा सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. काही टीम्सना तर बक्षिसाच्या पैशांतून आगाऊ रक्कम द्यावी लागली होती.

रेड बुलची जादा रक्कम मर्यादेच्या १.६ टक्के निघाली. ७० लाख डॉलर दंड झाला आणि एक वर्ष विंड टनेल व संगणकीय चाचण्यांच्या वेळेत १० टक्के कपात. दंड श्रीमंताला लागत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. म्हणून मी दुसऱ्या शिक्षेकडे बघते : वेळ. वेळ विकत घेता येत नाही. माझ्या मते ती कपात १० टक्क्यांपेक्षा जास्त हवी होती.

प्रश्न : २००९मध्ये रॅलीत सित्रोएन आणि फोर्ड या दोनच कंपन्या उरल्या. त्या वर्षी काय मजा राहिली असेल! — एक रॅलीप्रेमी

उत्तर : राहिली तर! सेबास्तियन लोब ९३ गुणांनी जिंकला आणि मिक्को हिर्वोनेनचे ९२ झाले. शेवटच्या रॅलीपर्यंत श्वास अडकलेला. आणि सुबारू गेल्यामुळे बेकार झालेला पेटर सोलबर्ग, २००३चा विश्वविजेता, स्वतःची टीम काढून जुन्या सित्रोएन क्सारा गाडीत उतरला आणि सायप्रसमध्ये तिसरा आला. मला त्या वर्षाचं हेच सगळ्यात मोठं दृश्य वाटतं. मात्र दोन कंपन्यांवर चॅम्पियनशिप फार काळ चालवता येत नाही. आणखी एखादी जाते का, या धास्तीत नियम करणाऱ्यांचे हात बांधले जातात आणि उरलेल्या दोघींचं सगळं ऐकावं लागतं.

प्रश्न : आमच्या पिढीला १९७३चं तेलसंकट आठवतं. तेव्हा शर्यती कशा चालल्या? — एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काही चाललेल्याच नाहीत. १९७४ची माँटे कार्लो रॅली रद्द झाली, अमेरिकेतली डेटोनाची २४ तासांची आणि सेब्रिंगची १२ तासांची शर्यतही. नॅसकार या अमेरिकी मालिकेने मधला मार्ग काढला आणि शर्यतींचं अंतर १० टक्क्यांनी कमी केलं. डेटोना ५०० ही २०० फेऱ्यांची, ५०० मैलांची शर्यत. त्या वर्षी ती ४५० मैलांची झाली, पण फेऱ्यांची मोजणी २१व्या फेरीपासून सुरू केली, म्हणजे शेवट दोनशेव्या फेरीलाच. रिचर्ड पेटी जिंकला.

त्याच्याही आधी, १९३०च्या महामंदीत, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत सुपरचार्जरवर (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्रावर) बंदी आणि दोन माणसांची गाडी असा नियम होता. तो बाजार कोसळण्याआधीच ठरला होता, पण मंदीत चांगलाच उपयोगी पडला, कारण रस्त्यावरच्या गाड्यांची इंजिनं घेऊन लोक उतरू शकले. १९३१मध्ये कमिन्सची डिझेल गाडी ५०० मैल कुठेही न थांबता धावली आणि तेरावी आली. वेगात मागे, पण पिटमध्ये, म्हणजे इंधन-दुरुस्तीच्या थांब्यात, एकदाही नाही! इंजिन विकणाऱ्या कंपनीला मंदीत याहून चांगली जाहिरात कुठली मिळणार होती?

प्रश्न : लोकांच्या नोकऱ्या जात असताना गाड्या गोल गोल फिरवण्यावर पैसा जाळणं अनैतिक आहे. असल्या चॅम्पियनशिप मंदीत बंदच पडाव्यात. — एक वाचक

उत्तर : तुमच्या मनात जी माणसं आहेत, तीच माझ्याही मनात आहेत. पण चॅम्पियनशिप बंद पडली तर कोण बेकार होतं ते बघा. ड्रायव्हर नाही, मालक नाही. वेल्डर, रंगारी, टायर चढवणारा, ट्रक चालवणारा, सर्किटवरचा विजेचं काम बघणारा. २०२०मध्ये मॅक्लारेन समूहाने सुमारे १,२०० जणांना काढण्याचा निर्णय जाहीर केला, त्यातले ७०च्या आसपास शर्यतीच्या टीममधले होते. ती ७० घरंच होती.

जिथे सरकारी तिजोरीतून शर्यतीचं यजमानशुल्क भरलं जातं, तिथे मात्र मी तुमच्या बाजूने आहे. फ्रान्सच्या मोटारक्रीडा महासंघाने २००८मध्ये ग्रां प्रीचा आर्थिक भार उचलायला नकार दिला. ती शर्यत २०१८पर्यंत परतली नाही आणि त्याने फॉर्म्युला वन काही थांबलं नाही. जमत नसेल तर सरळ नाही म्हणावं.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, कार्टिंग करतो. यंदा घरचं उत्पन्न कमी झालंय. एक हंगाम थांबलो तर तो मागे पडेल का? — एक आई

उत्तर : ताई, मंदीचा खरा मार या पायरीवर बसतो. वरच्या टीम्सकडे अनेक वर्षांचे करार असतात, खालच्या पोरांचा प्रायोजक म्हणजे आईबाप. फॉर्म्युला वनच्या खालच्या पायऱ्या असलेल्या फॉर्म्युला टू आणि थ्रीने २०२१मध्ये काय केलं ते बघा : एका वीकेंडला तीन शर्यती ठेवल्या, दौरे कमी केले, आणि दोन्ही मालिका वेगवेगळ्या वीकेंडना नेल्या, म्हणजे तीच माणसं दोन्हीकडे वापरता येतील. शर्यती पुरेशा, प्रवास थोडा. घरातही हेच सूत्र लावता येईल.

सबंध हंगाम थांबू नका आणि सबंध हंगामही करू नका. जिथे इंजिन सील केलेलं, म्हणजे उघडून बदल करता येणार नाही असं, असतं आणि टायरच्या संचांवर मर्यादा असते अशी एकच मालिका निवडा. तिथे शेजारच्याच्या पैशाशी झुंजावं लागत नाही. चासी वापरलेली घ्या, पण घेण्याआधी वाकलेली नाही ना हे जाणत्या मेकॅनिककडून टेबलावर मोजून घ्या. सरावाच्या दिवसांचा खर्च बरेचदा शर्यतीपेक्षा जास्त होतो, तिथे आधी कात्री लावा. मुलाला डेटा वाचायला शिकवा, त्याला पैसे पडत नाहीत. घरावर किंवा दागिन्यांवर कर्ज मात्र काढू नका, कुणी कितीही म्हणो की मुलगा पुढचा विश्वविजेता आहे. आणि त्याला आकडे सांगा. तेरा वर्षांच्या मुलाला घरची अडचण कळते, लपवली तर तो तिचा दोष स्वतःकडे घेतो.

पुढच्या हंगामाची नियमावली हातात आली की टायरचे किती संच लागणार आणि प्रवेशशुल्कात काय काय धरलंय, एवढं मला लिहून पाठवा. पुढच्या अंकाआधी उत्तर देते.